प्रवेश सल्लागार आणि करिअर समुपदेशक: पाटी एकच, कामं दोन

दोघांनाही सर्रास ‘कौन्सेलर’च म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. समोरच्याचा प्रश्न ऐकला की फरक कळतो. ‘मी काय शिकू?’ हा समुपदेशकाला विचारायचा प्रश्न. ‘वेल्डिंग शिकायचं ठरलंय, आता पुढे काय?’ हा प्रवेश सल्लागाराला.

समुपदेशनाची वाट जुनी आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनला व्यवसाय-मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं. आधी स्वतःला ओळखा, मग कामं ओळखा, मग दोन्हींची सांगड घाला, ही त्यांची रीत. कल चाचण्या त्याच वाटेवरच्या. विद्यार्थी एकही अर्ज न भरता उठून गेला, तरी समुपदेशकाचं काम झालेलं असतं.

सल्लागाराचं तसं नाही. तो कोर्स चालवणाऱ्या संस्थेचा माणूस. पगार संस्थेचा आणि बहुतेकदा डोक्यावर प्रवेशांचं टार्गेटही. म्हणून त्याला नुसता विक्रेता ठरवणं मात्र अन्यायाचं. पात्रता बसते का, फी हप्त्यांनी भरता येईल का, कोर्स मध्येच सोडला तर किती पैसे परत मिळतील, वर्कशॉपचे तास नोकरी सांभाळून जमतील का, हे त्यालाच नेमकं माहीत असतं. परवाना लागणाऱ्या कामात तर हे प्रमाणपत्र चालतं की नाही, हेही त्यानेच आधी सांगायला हवं. दहा वर्षं गॅरेजमध्ये हात काळे केलेल्या माणसाला पुन्हा पान्याची ओळख करून द्यायची, की अनुभव तपासून काही भागातून सूट मिळवून द्यायची? इथे चांगला सल्लागार त्याचे कित्येक महिने वाचवतो.

टार्गेट मोकाट सुटलं की काय होतं, ते ऑस्ट्रेलियाने पाहिलं. ‘व्हेट फी-हेल्प’ या व्यवसाय-शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जयोजनेत काही दलालांनी फुकट लॅपटॉपचं आमिष दाखवून, झेपेल की नाही न बघता, लोकांची नावं कोर्सला घातली. लॅपटॉप घरी आला आणि कर्ज नावावर चढलं. २०१५ मध्ये अशा आमिषांवर बंदी आली, २०१६ अखेर योजनाच गुंडाळली. अमेरिकेत सरकारी शिक्षण-मदतीत सहभागी संस्थांना प्रवेशामागे कमिशन द्यायला १९९२ पासूनच कायद्याने मनाई आहे.

म्हणून काय शिकायचं हेच ठरलं नसेल, तर सल्लागाराच्या टेबलावर फॉर्मला हात लावू नका. आधी समुपदेशकाला गाठा. त्याला फीची शेवटची तारीख मात्र विचारू नका. ती त्याला ठाऊक नसते.