नाव तेच, नाव वेगळी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या शेडबाहेर जुनी बजाज व्ही मोटरसायकल उभी असते. मालक माझा दोस्त. कुणी नवखा आला की टाकीवर थाप मारून सांगतो, “यात विक्रांत हाय.” खोटं नाही ते. 2016 साली ही गाडी बाजारात आली तेव्हा तिच्या पेट्रोलच्या टाकीसाठी भंगारात निघालेल्या विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेचं पोलाद वापरलं होतं. पण 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत विक्रांत नौदलात दाखल झाली, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं, तेव्हा शेडमधल्या एका मोल्डरनं, म्हणजे साचे करणाऱ्या कामगारानं, त्याला अडवलं. “मालक, विक्रांत तुमच्या टाकीत, मग ही कुठली? आम्ही शाळेच्या सहलीत मुंबईला बघितली, तीच डागडुजी करून काढली व्हय?”

हा घोळ बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. मराठीनंही त्यात भर घातली आहे, कारण आपल्याकडं नाव म्हणजे पाटीवरचंही आणि पाण्यातलीही.

सहलीत बघितलेली विक्रांत मुळात विक्रांत म्हणून जन्मलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ती ‘हर्क्युलिस’ या नावानं बांधायला घेतली. 1945 च्या सप्टेंबरात सांगाडा पाण्यात उतरला तोवर युद्धच संपलं होतं. पुढच्या वर्षी काम थांबलं आणि ती अर्धवट अवस्थेत दहाएक वर्षं पडून राहिली. 1957 मध्ये भारतानं ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली आणि 4 मार्च 1961 ला तिथंच तिच्यावर तिरंगा चढला. विकत घेतलेल्या घराची पाटी बदलावी, तसं हर्क्युलिसचं विक्रांत झालं. त्याआधी 1948 मध्ये ब्रिटिशांची ‘अकिलीझ’ क्रूझर अशीच ‘दिल्ली’ झाली होती. म्हणजे आपल्या नौदलातली सुरुवातीची मोठी नावं दुसऱ्याच्या बोटींवर चढवलेली आहेत.

विक्रांतचं नाव झालं ते 1971 च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, आणि तेही आजारी असताना. कोल्हापूर जिल्ह्यात बॉयलर काय असतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हंगाम तोंडावर आला की एकेका साखर कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात येतात. विक्रांतला असे चार बॉयलर होते आणि त्यातल्या एकाला तडे गेले होते. वाफ कमी म्हणजे वेग कमी. शिवाय डेकवरून विमान भिरकावणारं कॅटपल्टही वाफेवरच चालायचं. तरी तिला बंगालच्या उपसागरात काढली. 4 डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं कॉक्स बझार आणि चितगाव झोडपून काढलं. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ आपणच तळाला गेली. पुढं 1975 मध्ये पाकिस्ताननं पोर्तुगालकडून एक पाणबुडी घेतली आणि तिचं नाव ठेवलं गाझी. रीत दोन्हीकडं एकच म्हणायची.

विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. मग मुंबईच्या पाण्यात संग्रहालय म्हणून राहिली. सहली गेल्या त्या याच काळात. 2012 मध्ये धोकादायक म्हणून ते बंद झालं आणि 2014 अखेरीस मुंबईतच दारूखाना भागात, जिथं जुनी जहाजं तोडतात, तिचे तुकडे पडायला लागले. तेव्हा पुष्कळ लोक हळहळले. माझा फौंड्रीवाला दोस्त मात्र शांत होता. भट्टीत पडलं की ते ट्रकचं होतं का ट्रॅक्टरचं, कोण विचारतंय? उद्या त्याची पंपाची बॉडी होते. लोखंड पुढं जातं, त्याचं नाव स्लॅगबरोबर, म्हणजे भट्टीतल्या मळीबरोबर, बाहेर फेकलं जातं.

नौदलात नेमकं उलटं चालतं. लोखंड सोडून बाकी सगळं पुढं सरकतं. कोचीच्या विक्रांतचा कणा 2009 मध्ये बसवला, तेव्हा जुनी अजून मुंबईत अखंड उभी होती. म्हणजे एकीचं पोलाद दुसरीत जाण्याचा प्रश्नच नाही. जुनी साधारण 20 हजार टनांची, नवी 45 हजारांच्या घरातली, 262 मीटर लांब. बॉयलर तर नाहीतच, चार गॅस टर्बाइन आहेत. कॅटपल्टही नाही, पुढं चढत गेलेल्या डेकवरून विमानं उडतात. जुन्या विक्रांतचं तिला मिळालं काय, तर नाव, ‘आर 11’ हा क्रमांक आणि ऋग्वेदातलं ब्रीद, ‘जयेम सं युधि स्पृधः’. लढाईत स्पर्धा करणाऱ्यांना आम्ही जिंकू, असा अर्थ. इथं मला तालमीची उपमा द्यायचा मोह होतो. पैलवान बदलतात, तालीम तीच. पण ती तोकडी पडते. तालमीत निदान हौदा तरी तोच असतो.

कलवरी पाणबुडी 1967 मध्ये आली, 1996 मध्ये गेली, 2017 मध्ये नव्या रूपात परतली. निलगिरी ही युद्धनौका 1972 ची आणि नवी निलगिरी जानेवारी 2025 ची. यादी लांब आहे.

आता कोल्हापूरकरानं यात का पडावं? आपल्याला समुद्र बघायला घाट उतरावा लागतो, पण 1812 पर्यंत करवीर राज्याला स्वतःचं बंदर होतं, मालवण. सिंधुदुर्ग आपल्याकडं होता आणि तिथल्या गलबतांचा इंग्रज व्यापाऱ्यांना जाच होता. ते त्याला चाचेगिरी म्हणत. 1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. पुढं तो करवीरकरांना परत मिळाला आणि ऑगस्टस कुठल्या कुठं गेला. 1812 च्या तहात मालवण कायमचं गेलं, तरी किल्ला सिंधुदुर्गच राहिला. 1970 च्या दशकात रशियाकडून क्षेपणास्त्र नौका घेतल्या, तेव्हा त्यातल्या दोघींची नावं ठेवली विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. नौदलाच्या नव्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तोही नवी विक्रांत दाखल झाली त्याच दिवशी.

निवृत्त बोटीचं नाव ठेवणं सोपं. आजोबांचं नाव नातवाला आपण हौसेनं ठेवतो. अकाली गेलेल्याचं ठेवताना घरातली म्हातारी माणसं चारदा विचार करतात. खुकरी ही युद्धनौका अशी अकाली गेली. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं तिला बुडवलं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी बोट सोडली नाही. 18 वर्षांच्या आत, 23 ऑगस्ट 1989 ला, माझगाव गोदीत बांधलेली दुसरी खुकरी मुंबईत दाखल झाली. त्या समारंभाला संरक्षणमंत्र्यांच्या बरोबरीनं सुधा मुल्ला होत्या, कॅप्टन मुल्लांच्या पत्नी.

दुसरीनं 32 वर्षं नोकरी केली आणि डिसेंबर 2021 मध्ये निवृत्त झाली. तिला मात्र दारूखान्यात पाठवली नाही. स्मारक म्हणून दीवच्या प्रशासनाकडं सोपवली. पहिली त्याच समुद्रात तळाशी आहे.