उलटा लावला तरी न रुसणारा बिल्ला

अमेरिकी चित्रकार हार्वी बॉलने स्मायलीचा बिल्ला बनवताना आधी नुसतं हसूच काढलं होतं. पिवळा गोल आणि त्यात टोकं वर वळलेली एक रेघ, बस. मग त्याच्या लक्षात आलं, की बिल्ला कुणी उलटा फिरवला तर हसऱ्याचा रडका होणार. म्हणून त्याने वर दोन डोळे दिले.

ही १९६३ची गोष्ट, अमेरिकेतल्या वूस्टर शहरातली. दोन विमा कंपन्या एकत्र आल्यामुळे कर्मचारी धास्तावले होते. त्यांना जरा हसतं करायला कंपनीने बॉलला काम दिलं. दहाएक मिनिटांत चित्र तयार, मेहनताना ४५ डॉलर. हक्क नोंदवायचं ना त्याला सुचलं, ना कंपनीला. पुढे १९७०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या दोघा भावांनी असे कोट्यवधी बिल्ले खपवले आणि फ्रान्समध्ये फ्रँकलिन लुफ्रानीने हसऱ्या चेहऱ्याची रीतसर नोंदणी करून टाकली. बॉलला त्यातलं काही मिळालं नाही.

त्याचं मूळ चित्र नीट पाहा. डोळे उभट आहेत आणि एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा. कंपासने काढलेल्या आजच्या गुळगुळीत नकलांपेक्षा मला तेच जास्त जिवंत वाटतं. आता अंगठ्याने डोळे झाकून बघा. हसू गायब, उरतो नुसता विळा!

वर दोन ठिपके आणि खाली काहीतरी, एवढ्यावर आपला मेंदू चेहरा उभा करतो. जन्मून काही मिनिटंच झालेली बाळंसुद्धा विस्कटलेल्या नाका-डोळ्यांपेक्षा नीट मांडलेल्या चेहऱ्याच्या चित्राकडे जास्त मान वळवतात. मेंदूच्या तळाशी चेहऱ्यांना खास दाद देणारा एक भाग आहे. चेहरा दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत, डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडना त्याची खूण मिळते.

मग :-) चं काय? १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञ स्कॉट फालमनने गमतीचा मजकूर ओळखू यावा म्हणून ही आडवी खूण सुचवली. ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ती लोकांना दाखवली, तेव्हा इलेक्ट्रोडना चेहरा पाहतानाचीच ती १७० मिलिसेकंदांची खूण मिळाली. ही ओळख मात्र जन्मजात नाही, वापरून वापरून अंगवळणी पडलेली. कारण तीच चिन्हं (-: अशी उलट्या क्रमाने ठेवली, तर मेंदूच्या लेखी ती पुन्हा नुसती विरामचिन्हं.