रात्री दोनची बाटली आणि संशोधनाचा पैसा

‘दात किडला’ असं म्हणताना आपली भाषाच आपल्याला फसवते. दातात किडा नसतो, कधीच नव्हता. मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर दात कुरतडणाऱ्या किड्यावरचा मंत्र सापडतो, इतकी ही कल्पना जुनी. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती खोडून काढली. तरी धुरी देऊन दातातले किडे ‘पाडून’ दाखवणारे पुढेही कमावतच राहिले. युक्ती अशी की खुरासानी ओव्याचं बी निखाऱ्यावर टाकलं की तडकतं, आतला पांढरा कोंब बाहेर पडतो, आणि तोच किडा म्हणून रोग्याला दाखवायचा.

किडा गेला, पण त्याच्या जागी एक सभ्य गैरसमज येऊन बसला: ज्याचे दात खराब, त्याने नीट घासले नाहीत. म्हणजे दोष त्या माणसाचा. हा समज किती अपुरा आहे ते कळायला दाताच्या पृष्ठभागावर जरा थांबावं लागेल. मला स्वतःला तिथे कितीही वेळ थांबायला आवडतं.

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, हे कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचं बनलेलं असतं. लाळेतही हेच दोन घटक विरघळलेले असतात, आणि तेही भरपूर. त्यामुळे तोंड सामान्य स्थितीत असताना स्फटिक विरघळत नाहीत, उलट त्यांची डागडुजी चालू असते. आपण गोड खाल्लं की दातावरच्या थरातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. आम्लातले हायड्रोजन आयन फॉस्फेटला चिकटतात, लाळेतलं मोकळं फॉस्फेट घटतं, आणि ती तूट भरून काढायला स्फटिक स्वतःला झिजवू लागतो. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की हा व्यवहार तोट्यात जातो. टूथपेस्टमधलं फ्लोराइड स्फटिकात शिरलं तर हीच सीमा ४.५ च्या आसपास सरकते. पीएचचं मोजमाप लॉगॅरिदमिक असल्यामुळे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट आम्ल. फ्लोराइडची सगळी करामत या एका अंकात आहे.

रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात दातावरच्या थराचा पीएच मोजून आलेख काढला. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांतच रेषा झपकन खाली येते, आणि लाळ तिला अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू वर आणते. याचा अर्थ, दात साखरेचे ग्रॅम मोजत नाही, तो मिनिटं मोजतो. तेवढीच साखर जेवणाबरोबर एकदम पोटात गेली तर आलेखात एकच खड्डा पडतो. दिवसभर घोट घोट घेतली तर रेषा वर यायलाच सवड मिळत नाही.

आता एखाद्या दीड-दोन वर्षांच्या मुलाचा वरचा ओठ हलकेच उचलून पाहा. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती झिजेची पहिली खूण. पृष्ठभाग अजून शाबूत असतो, आतला थर मात्र पोकळ होत चाललेला असतो. या टप्प्यावरून दात परत फिरू शकतो. खालचे पुढचे दात बहुधा स्वच्छ असतात, कारण चोखताना जीभ त्यांना झाकते आणि जवळच्या ग्रंथींची लाळ तिथे साठते. ही नक्षी गोड दुधाच्या किंवा रसाच्या बाटलीने उमटते, आणि तीही रात्रीच्या. झोपेत लाळ जवळजवळ आटते, त्यामुळे रात्री दोनला तोंडात दिलेली बाटली दुपारच्या बाटलीपेक्षा कितीतरी महाग पडते.

आता प्रश्न असा की ती बाटली रात्री दोनला का दिली जाते? आई पाळीवरून थकून आली असेल. एका खोलीत सहा जण झोपलेले असतील आणि रडण्याने सगळे उठत असतील. कदाचित नळाच्या पाण्यावर कुणाचा भरवसा नसेल. दवाखान्यात सकाळी अकराला बसणाऱ्या संशोधकाला यातलं काहीच दिसत नाही. ते त्या वस्तीतल्या माणसांनाच ठाऊक असतं.

वारंवारतेचं हे ज्ञान आपल्याला मिळालं तेही माणसांना न विचारता. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी दिल्या गेल्या, काहींना दिवसाला चोवीसपर्यंत. दोन जेवणांच्या मधे खाल्लेली चिकट साखर सर्वांत घातक, हे त्यातून सिद्ध झालं. ज्यांचे दात गेले त्यांना ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. पैसा काही प्रमाणात साखर आणि मिठाई उद्योगाचाही होता.

पैसा देणारा प्रश्नही ठरवतो. अमेरिकेत १९७१ मध्ये दातांच्या किडीवर राष्ट्रीय संशोधन कार्यक्रम सुरू झाला. साखर उद्योगाने दिलेल्या अहवालाचा ७८ टक्के भाग या कार्यक्रमासाठी संशोधकांकडून प्रस्ताव मागवणाऱ्या कागदात थेट उतरल्याचं २०१५ मध्ये जुन्या कागदपत्रांवरून उघड झालं. साखर कमी कशी करावी हा प्रश्न बाजूला पडला, आणि दातावरचा थर विरघळवणारी विकरं (एन्झाइम) आणि किडीवरची लस यांना महत्त्व आलं. आज त्या जागी दात घासताना मोबाइलला आकडे पाठवणारे ब्रश आले आहेत. ज्याच्या घरी मूळचा ब्रशच तिघांत एक, त्याचा त्यात काय फायदा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत, आणि त्यांतले चारांपैकी तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. श्रीमंत देशांतही हा भार गरीब वस्त्यांवरच जास्त पडतो. ही दरी कमी करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत व मुख संशोधन संस्थेने २००१ मध्ये पाच केंद्रांना निधी दिला. पुढे लोकांच्या भागीदारीतल्या संशोधनावर भर वाढला, म्हणजे प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष वाचण्यापर्यंत वस्तीतली माणसं बरोबर, आणि कामाचा मोबदलाही त्यांना.

हा काही जादूचा मंत्र नव्हे. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या बालवाड्यांमध्ये सुमारे हजार मुलांवर प्रयोग झाला. त्याच समाजातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दातांना फ्लोराइडचा लेप लावला, पालकांशी बोलणीही केली. २०१६ मध्ये निकाल छापून आला: नेहमीच्या सेवेच्या तुलनेत कीड कमी झाली नाही. लोकांना बरोबर घेतलं की यश ठरलेलंच, असं मानणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा. प्रयोगात आलेली मुलं तीन ते पाच वर्षांची होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दातांना आधीच कीड लागलेली होती. आलेखातले खड्डे कित्येक रात्री आधीच पडून गेले होते.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. बाटलीचा प्रश्न त्याआधी, खरं तर गरोदरपणातच विचारायला हवा. तेव्हा संशोधकाला दार उघडून आत घेतलं जाईल इतकी ओळख जमवायला एखाद-दोन वर्षं सहज जातात. त्या काळात एकाही दाताची मोजणी होत नाही, म्हणून प्रगती अहवालातला तो रकाना कोराच राहतो. निधी देणाऱ्याच्या सहनशीलतेची परीक्षा नेमकी त्या कोऱ्या रकान्यावर होते.