रोटरी इंजिनाचा रोटर खरोखर किती वेगाने फिरतो?

रोटरी इंजिनातला (म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनातला) त्रिकोणी रोटर टॅकोमीटरवर, म्हणजे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या मापकावर, दिसणाऱ्या वेगानेच गरगरतो, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. टॅकोमीटर दाखवतो तो मधल्या विकेंद्री शाफ्टचा, म्हणजे रोटर ज्या दांड्याला फिरवतो त्याचा, वेग. रोटरच्या आतल्या बाजूचे दाते आणि इंजिनाच्या बाजूच्या भिंतीवर पक्क्या बसवलेल्या, न फिरणाऱ्या गिअरचे दाते यांचे प्रमाण ३:२ असते (माझदाच्या १३बी इंजिनात ५१ आणि ३४), त्यामुळे शाफ्टच्या तीन फेऱ्यांमागे रोटरचा एकच फेरा पूर्ण होतो. म्हणजे काटा ९०००वर असताना रोटर मिनिटाला ३००० वेळाच फिरतो. या एका फेऱ्यात, आणि खरी करामत हीच, त्याची प्रत्येक बाजू शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन उरकते. बाजू तीन असल्याने शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक ज्वलन मिळते.