हाताखाली शिकणं ते पोर्टलवरची उमेदवारी : सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

आयटीआयचा निकाल लागला की सांगली, मिरज, कराड, साताऱ्यातल्या नेट कॅफेंत अप्रेंटिसचे अर्ज भरणाऱ्या पोरांची गर्दी होते. एसटी, महावितरण, रेल्वे, कुपवाड किंवा शिरवळची एखादी कंपनी, नाहीतर थेट चाकण. जिथं जागा निघाल्या असतील तिथं अर्ज टाकायचा आणि वाट बघायची. त्याच दिवसांत औद्योगिक वसाहतींतल्या लहान वर्कशॉपचे मालक म्हणत असतात, लेथवर उभं राहायला पोरगं मिळत नाही, आजकाल कुणाला हात काळे करायला नकोत. ही तक्रार इतक्या तोंडांनी ऐकू येते की ती खरीच असावी असं वाटायला लागतं. पण या दोन जिल्ह्यांत मागच्या पिढ्या कामधंदा कशा शिकत आल्या ते पाहिलं, तर शिकून झाल्यावर पुढं काय, हाच प्रश्न मोठा दिसतो. त्याचं उत्तर प्रत्येक पिढीला वेगळं मिळालं.

गावगाड्यात हा प्रश्नच नव्हता. लोहाराच्या पोरानं आधी भाता ओढायचा, मग घण मारायचा, सुताराच्या पोरानं पटाशीला धार लावून द्यायची. पगार नाही, कारण काम घरचंच. पुढची हमी मात्र पक्की: खळ्यावरचं बलुतं वारशानं चालत यायचं. कौतुकानं जुने दिवस आठवणारे एक गोष्ट सोडून देतात. लोहाराच्या पोराला ही हमी होती, ती बाकी सगळ्यांना दार बंद होतं म्हणूनच. महारा-मांगाच्या मुलाच्या हातात कितीही कसब असलं तरी त्याला त्या भट्टीपाशी बसवून कुणी शिकवणार नव्हतं.

सरकारी कागदावर उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, आली ती १८५० मध्ये. त्या वर्षीच्या कायद्यानुसार दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला करार करून कारागिराकडे बांधून देता येत असे. मुदत जास्तीत जास्त सात वर्षं, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नापलीकडे नाही. अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांसाठी हा कायदा होता. हाताचं काम शिकणं म्हणजे गरिबाची सोय, ही समजूत तिथं कायद्याच्या भाषेत बसली आणि पुढं फार काळ टिकली.

बंद दाराला पहिली मोठी फट पाडली ती कारखान्यांनी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळरानावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला; तीच पुढची किर्लोस्करवाडी. जागा दिली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. ओसाड माळावर तयार कामगार कुठून मिळणार? मग आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं साचे भरायला, ओतकाम करायला, लेथ चालवायला तिथंच शिकली. शाळा अर्धवट सोडलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतलं आणि त्यातले काही पुढं कारखान्याचे आधारस्तंभ झाले. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला, त्यानंतर सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना. एका टापूत, दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानं.

या तिन्ही कारखान्यांना जोडणारा माणूस शिक्षणाच्या इतिहासात भेटतो. कर्मवीर भाऊराव पाटील आधी ओगल्यांच्या कंदिलांचे, मग किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून फिरले आणि पुढं कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत होते. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं 'कमवा आणि शिका' तिची ओळख झाली, आणि तिच्यामागं बाजार, कारखाना आणि शेतकरी तिन्ही जवळून पाहिलेला माणूस होता. श्रम करणाऱ्या मुलाला कमीपणा वाटू नये, हे त्या योजनेनं या भागात जितकं रुजवलं तितकं कुठल्याही सरकारी परिपत्रकाला जमलेलं नाही, असं माझं मत.

कारखान्यातल्या शिकण्याला लेखी करार क्वचित असायचा, पण एक अलिखित होता. शिकलास की इथंच राहायचंस. कारखान्यानं शिकवण्यावर वेळ घालवला तो पोरगा तीस वर्षं कामाला येईल या हिशेबानं. वसाहत, शाळा, दवाखाना हे त्याच हिशेबाचे भाग.

पण सांगली-साताऱ्याची सगळ्यात मोठी उमेदवारी कारखान्यात झालीच नाही. ती झाली परमुलखात, सोन्याच्या भट्टीसमोर. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे माण-खटाव हा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही, शेतीत राम नाही. इथल्या माणसांनी सोनं-चांदी गाळण्याचा धंदा हाती घेतला आणि केरळ-तमिळनाडूपासून पंजाब-बंगालपर्यंत पेठापेठांत दुकानं थाटली. विट्याच्या बाजूला एखाद्या गावात जाऊन विचारा, प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी 'गलाईला' गेलेलं असतं. गावाकडं टोलेजंग घर बांधलेलं, आणि त्यात राहायला म्हातारी माणसं.

या धंद्यात शिरायची वाट एकच होती: नातं. सातवी-दहावी झाली किंवा नापास झाला की मामा, चुलता, मेव्हणा पोराला बरोबर घेऊन जायचा. आधी दुकान झाडायचं, स्वयंपाक करायचा, सराफाकडून माल आणायचा-पोचवायचा. मग भट्टी पेटवणं, मूस (सोनं वितळवायचं भांडं) धरणं. जुने दागिने वितळवून, तेजाब घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं परत द्यायचं, हे वरवर सोपं काम. पण टंच (सोन्याची शुद्धता) किती निघेल याचा अंदाज, घट किती येईल याचा हिशेब आणि सराफाचा विश्वास, या तीन गोष्टी यायला वर्षं जात. पगार नावापुरता, तोही बऱ्याचदा गावी बापाच्या हाती. तेजाबाच्या वाफा छातीत गेल्या त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. भाषा मात्र पोरं भराभर शिकली. तमिळ-मल्याळम फाडफाड बोलणारे आटपाडीचे गडी आजही भेटतात.

इथंही मोबदला शेवटी मिळायचा. चार-सहा वर्षं राबला की मामाच त्याला शेजारच्या गावात किंवा दुसऱ्या पेठेत स्वतंत्र दुकान लावून द्यायचा. भांडवल उसनं, ओळख मामाची. त्या पोरानं मग आपला भाचा बोलवायचा. आता या साखळीत दोन ठिकाणी खंड पडतोय. मोठ्या रिफायनऱ्या आणि टंच मोजणारी यंत्रं आल्यावर डोळ्याच्या अंदाजाला पूर्वीचा भाव उरला नाही. आणि टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी जिथं पोचलं तिथं डाळिंब-द्राक्षाची बाग परमुलखातल्या भट्टीपेक्षा बरी वाटू लागली.

मुंबईच्या गिरण्यांतही सातारकरांची भरती अशीच चाले. गाववाल्याच्या ओळखीनं खात्यात शिरायचं, बदली कामगार म्हणून साच्यावर, म्हणजे मागावर, हात बसवायचा, जागा रिकामी झाली की कायम. १९८२ च्या संपानंतर ती वाट संपली. खेड्याकडं परतलेल्या त्या पिढीनंच आपल्या पोरांना सांगितलं, कुठंतरी सर्टिफिकेट घे.

सर्टिफिकेटची व्यवस्था तोवर उभी होती. १९५० मध्ये केंद्रानं कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, त्यातून आयटीआय आल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला आणि ठरावीक उद्योगांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं. १९७३ च्या दुरुस्तीनं पदवी-पदविकाधारक त्यात आले, १९८६ च्या दुरुस्तीनं बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी. दार पहिल्यांदाच जात आणि नातं न विचारता उघडलं. ही लहान गोष्ट नव्हे. बाप शेतमजूर असलेला पोरगा गुणांच्या जोरावर एसटीच्या कार्यशाळेत मोटार मेकॅनिकचा अप्रेंटिस होऊ लागला.

पण याच कायद्यात दोन कलमं होती. अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे, हे कलम १८. आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकाला बंधनकारक नाही, हे कलम २२. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या कलमांकडं फारसं कुणी पाहिलं नाही, कारण सरकारी खात्यांत आणि मोठ्या कारखान्यांत भरती चालू होती. अप्रेंटिसशिप झाली की आज ना उद्या कायमचं पत्र येई. आजचे पन्नाशी-साठीतले फिटर, वायरमन 'आमच्या वेळी' म्हणून जे सांगतात, ते या काळातलं. त्यांच्या सांगण्यात खोटं काही नाही. ती वीस-पंचवीस वर्षांची खिडकी होती, एवढंच त्यांच्या लक्षात येत नाही.

१९९१ नंतर कायम भरती आटली, कंत्राटदार आले. मग कलम २२ चावायला लागलं. अप्रेंटिसला वर्षभर लाइनवर उभं करायचं, मुदत संपली की दुसरी तुकडी आणायची, असा प्रघात पडला. उत्तर प्रदेशातल्या एसटीच्या प्रशिक्षणार्थींचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५ मध्ये न्यायालयानं म्हटलं की बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित अप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. प्राधान्य, हक्क नव्हे. २०१४ च्या दुरुस्तीनं प्रत्येक मालकानं अप्रेंटिसच्या भरतीचं धोरण ठरवावं असं म्हटलं, पण ते काय असावं हे मालकावरच सोडलं.

पैशाची बाजू मात्र सुधारली, हे मान्य करायला हवं. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्रानं उचलायचं ठरवलं. २०१९ मध्ये किमान दर पाचवी ते नववी शिकलेल्याला ५०००, आयटीआयवाल्याला ७०००, पदवीधराला ९००० रुपये झाले. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे, चार ते एकोणतीसवाल्यांनी घ्यावेत वाटलं तर. करार सरकारी पोर्टलवर नोंदला जातो. गलाईच्या दुकानात चार वर्षं नावापुरत्या पगारावर राबलेल्या आजोबांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही. पण गावापासून लांब खोली घेऊन राहायचं तर सात हजारांत भाडं आणि मेस भागते, घरी पाठवायला काही उरत नाही.

आणि एक वर्षानंतर? मार्च २०१८ मध्ये रेल्वेतल्या अप्रेंटिसांनी माटुंगा-दादर दरम्यान रूळ अडवले, ते याच प्रश्नावर. २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सुरुवातीला मुदत सहा महिने, शिक्षणानुसार ६०००, ८००० किंवा १०,००० रुपये. मुदती संपत आल्या तशी तीच मागणी घेऊन मुलं पुन्हा रस्त्यावर उतरली: आम्हाला कायम करा. मोठी माणसं याला हट्ट म्हणतात. पण बलुतेदाराला बलुतं मिळालं, किर्लोस्करवाडीच्या कामगाराला वसाहत, गलाईच्या भाच्याला दुकान. काम शिकण्याच्या बदल्यात पुढची सोय मागणं ही या पोरांनी शोधलेली नवी खोड नाही.

लहान वर्कशॉपला पोरगं का मिळत नाही, त्याचं उत्तरही इथंच आहे. तिथं शिकायला जास्त मिळतं, हे खरं. मोठ्या कंपनीत वर्षभर एकाच स्टेशनवर एकच बोल्ट आवळणाऱ्या अप्रेंटिसपेक्षा कुपवाडच्या शेडमध्ये लेथ, ड्रिल, वेल्डिंग सगळ्याला हात लावलेला हेल्पर चांगला कारागीर होतो. पण त्याच्या हातात कागद येत नाही. करार नोंदलेला नाही, राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा नाही, आणि सरकारी भरतीच्या जाहिरातीत त्या तीन वर्षांची किंमत शून्य. पोरगा हा हिशेब बरोबर करतो.

ज्या कसबाला वर्षंच लागतात त्याचं काय होतं ते मिरजेत दिसतं. तिथले शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातले काही तंतुवाद्यांकडं वळले आणि फरीदसाहेबांपासून सतारमेकरांची परंपरा सुरू झाली. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा निवडणं, तो वाळवणं, लाकूड घासणं, पडदे बांधणं हे पोरगं दोन-तीन वर्षांत शिकतं. जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवणं, मात्र कानाचं काम. ते शिकवता येत नाही, वर्षानुवर्षं शेजारी बसून कान तयार व्हावा लागतो. एक वर्षाच्या कराराच्या चौकटीत ते बसतच नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, वाद्याचं नाव सुरक्षित झालं. त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आली होती: प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,०००, पुढं सवलतीचं कर्ज. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, शिंपी, हार गुंफणारे, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत, वाद्यं घडवणारे नाहीत. आणि यादीतल्या अठरांसाठीही लाभ कुटुंबातल्या एकालाच. बापानं घेतला तर त्याच्या शेजारी बसून शिकणाऱ्या, घरातच असलेल्या अविवाहित मुलाला तो मिळत नाही.