धावपटूंच्या बुटातले इनसोल : साच्याच्या वादाची पार्श्वभूमी

टाच किंवा नडगी दुखते म्हणून धावणे थांबलेल्या माणसाला नाशिकमध्ये आता ‘आर्च सपोर्ट (तळव्याच्या कमानीला आधार देणारा इनसोल) घालून बघा’ हा सल्ला लगेच मिळतो. तिथूनच पेच सुरू होतो. दुकानातला तयार इनसोल घ्यायचा, की पायाचा साचा देऊन बनवून घ्यायचा? दोन्हींच्या किमतीत मोठी तफावत असते आणि महाग तो चांगला असे बहुतेक जण धरून चालतात. या समजाचे मूळ १९७०च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेल्या साचा घेण्याच्या पद्धतीत आहे.

त्याआधीचा इतिहास धावण्याचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सपाट पायांसाठी धातूच्या वळवलेल्या पट्ट्या आल्या, चामडे आणि कॉर्कही वापरले जात. आपल्याकडे हे काम पोलिओचे कॅलिपर, कृत्रिम पाय, कुष्ठरोग आणि मधुमेह यांच्याभोवती वाढले. एमसीआर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊ रबराच्या, चपला त्याच परंपरेतल्या. संवेदना गेलेल्या तळव्यावरचा दाब पसरवून जखम टाळण्यासाठी ते मऊ रबर वापरले गेले आणि त्या कामाला ते उत्तमच आहे. धावताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. त्या भाराखाली मऊ थर पूर्ण दबतो आणि कमानीला काहीच आधार उरत नाही. धावपटूने एमसीआरचा तुकडा कापून बुटात घातला की पहिला आठवडा बरे वाटते आणि मग दुखणे परत येते, ते यामुळे.

आता तो साचा. १९७०च्या दशकात अमेरिकेत रस्त्यावर धावणाऱ्यांची लाट आली आणि त्यांच्या दुखापती पायांच्या तज्ज्ञांकडे पोचल्या. तिथे एक मांडणी नुकतीच रुजली होती. घोट्याखालचा सांधा ‘न्यूट्रल’, म्हणजे आत किंवा बाहेर न झुकलेला, असताना टाच नडगीच्या रेषेत उभी असावी आणि चवडा टाचेच्या उभ्या रेषेला काटकोनात असावा, तोच निरोगी पाय. जो पाय यातून ढळतो, तो दुखापतीला बोलावतो. कृतीही ठरून गेली. माणसाला पालथे झोपवायचे. अंगठा आणि बोट घोट्याच्या थोडे खाली, पुढच्या बाजूला दोन्हीकडे ठेवून पाय आत-बाहेर फिरवायचा आणि हाड दोन्ही बाजूंना सारखे लागले की थांबायचे. चौथ्या-पाचव्या बोटांच्या मुळाशी हलका दाब देऊन पाय त्या स्थितीत धरायचा आणि ओल्या प्लास्टरच्या पट्ट्यांनी साचा घ्यायचा. त्या साच्यातून ओतून काढलेल्या पायाच्या प्रतिकृतीवर तापवलेले कडक प्लास्टिक, पुढे सर्रास तीन ते चार मिलिमीटरचे पॉलिप्रॉपिलिन, दाबून बसवायचे आणि टाचेखाली आतल्या बाजूने चार अंशांचा उतार द्यायचा.

पद्धत नेटकी होती आणि शिकवायला सोपी, म्हणून जगभर पसरली. पण तिच्यात दोन कच्चे दुवे होते. पहिला हाताचा. ‘सारखे लागले’ हे बोटांनी ठरवायचे असल्याने एकाच पायाची दोन जणांनी घेतलेली मापे काही अंशांनी वेगळी येतात. साचा घेताना माणसाने नकळत पाय वर खेचला, तर नडगीच्या पुढचा स्नायू आवळतो, चवड्याची आतली कड उचलली जाते आणि साच्यात खोटा तिरपेपणा उतरतो. त्यावर बनलेला इनसोल कमानीत रुततो, वजन बाहेरच्या कडेवर ढकलतो आणि टाचदुखीसाठी आलेल्याला करंगळीच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नवे दुखणे लागते.

दुसरा दुवा जास्त गंभीर. निरोगी म्हणून आखलेल्या त्या चौकटीत विनातक्रार चालणारे-धावणारे बहुतेक पायच बसत नाहीत. २००० साली पाच धावपटूंच्या हाडांत पिना बसवून केलेल्या मोजणीत दिसले की इनसोलमुळे हाडांच्या हालचालीत पडणारा फरक थोडासाच असतो आणि तो प्रत्येकात वेगळा असतो. म्हणजे इनसोल पाय ‘सरळ’ करत नाही. तो भार एका भागावरून काढून दुसऱ्यावर टाकतो. दुखऱ्या ऊतीवरचा ताण कमी करा, आकाराच्या मागे लागू नका, ही मांडणी १९९५च्या सुमारास पुढे आली होती. आमच्या मते ती तेव्हाच स्वीकारायला हवी होती, कारण नंतरचे निष्कर्ष तिच्याशीच जुळतात.

२००६च्या एका चाचणीत टाचदुखीच्या रुग्णांमध्ये तयार आणि साच्यावरचे इनसोल जवळपास सारखे ठरले. तीन महिन्यांनी दोन्हींचा थोडा फायदा दिसला. वर्षाअखेरीस तुलनेसाठी दिलेल्या, आधार न देणाऱ्या खोट्या इनसोलपेक्षाही फरक उरला नाही. २००८मध्ये गुडघ्याच्या वाटीच्या दुखण्यात तयार इनसोल सहा आठवड्यांनी सपाट इनसोलपेक्षा सरस ठरला, पण फिजिओथेरपीपेक्षा नाही. २०१४मध्ये ९२७ नवख्या धावपटूंचा वर्षभर मागोवा घेतला गेला. साध्या बुटात धावणाऱ्या सपाट पायांच्या लोकांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. फरशीवर ओला पाय उमटवून बूट निवडण्याचा पाया तिथेच ढासळला. पोटरीच्या शिरेसाठी, म्हणजे अकिलीजसाठी, साच्यावरचा इनसोल २०१५च्या चाचणीत खोट्यापेक्षा सरस ठरला नाही. उलट २०२१मध्ये टाचेखालच्या साध्या उंचवट्याने १२ आठवड्यांत पोटरीच्या व्यायामापेक्षा जास्त आराम दिला. प्रतिबंधाच्या बाजूने २०१७चा एकत्रित आढावा आहे. आकार दिलेल्या इनसोलने एकूण दुखापती २८ टक्क्यांनी आणि ताणाने हाडाला जाणाऱ्या बारीक भेगा ४१ टक्क्यांनी कमी झाल्या. नुसत्या धक्का शोषणाऱ्या सपाट इनसोलने काही साधले नाही. त्यातले बरेच अभ्यास सैन्यभरतीतल्या तरुणांवरचे आहेत, हे लक्षात ठेवावे.

नाशिक जिल्ह्याला धावण्याची जुनी सवय आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणले. इनसोल विचारणारे मात्र बहुतांशी शहरातले आहेत, चाळिशीच्या आसपास पाच किलोमीटरवरून घाईने एकवीसवर गेलेले. त्यांनी आधी वाढलेले अंतर कमी करावे आणि तयार, मध्यम कडक इनसोलपासून सुरुवात करावी. सहा आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पायाचा आकार तयार मापात बसतच नसेल, तर साच्याचा खर्च योग्य.

बुटातला मूळचा इनसोल काढूनच नवा घालायचा. दोन्ही एकावर एक घातले की टाच वर येते, मागून सुटते आणि फोड येतात. पहिल्या दिवशी तासभर चालायचे, मग रोज तासभर वाढवायचे. दहा-बारा दिवसांनी दोन किलोमीटर धावायचे. कमानीत दाब जाणवणे ठीक, टोचणे ठीक नाही. टोचत असेल तर बनवणाऱ्याकडून घासून घ्यावा. नाशिकच्या गंगापूर रोडवर जाता-येता दोन्ही वेळा आपल्या डाव्याच हाताच्या कडेने धावलात तर रस्त्याचा उतारच एका पायाला पाचर लावतो आणि इनसोलचे काम बिघडवतो. ज्या कडेने गेलात त्याच कडेने परत यावे. पावसाळ्यात वरच्या कापडाचा डिंक सुटतो, म्हणून इनसोल बाहेर काढून सावलीत वाळवावा. उन्हात उभ्या गाडीत राहिला तर ईव्हीए (इनसोलचे फेसासारखे हलके प्लास्टिक) आकसतो आणि टाचेची वाटी तोकडी पडते. ईव्हीएचा इनसोल साधारण वर्षभरात दबतो. पॉलिप्रॉपिलिन कित्येक वर्षे टिकते, फक्त वरचे आवरण बदलावे लागते.