चुकलेले निदान आणि कार्यकारणभावाचा पुरावा

कार्यकारणभावाचा पुरावा म्हणजे, निदान चुकले किंवा उशिरा झाले म्हणून नुकसानभरपाई मागणाऱ्याने, डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळेच आपली हानी झाली हे सिद्ध करणे. काळजी घेण्याचे कर्तव्य होते आणि त्यात कसूर झाली, एवढे दाखवून वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा जिंकता येत नाही. कसूर आणि हानी यांना जोडणारा दुवाही दाखवावा लागतो. निदानाच्या दाव्यांत हा दुवा सर्वांत नाजूक असतो, कारण आजार डॉक्टरने दिलेला नसतो, तो घेऊनच रुग्ण दारात आलेला असतो. निदान वेळेवर झाले असते तर काय झाले असते, या न घडलेल्या गोष्टीचा शोध न्यायालयाला घ्यावा लागतो.

१ जानेवारी १९६६ रोजी लंडनमध्ये रात्रपाळीचे तीन पहारेकरी चहा प्यायल्यावर उलट्या होऊ लागल्या म्हणून रुग्णालयात गेले. डॉक्टरने त्यांना न तपासताच, घरी जाऊन आपापल्या डॉक्टरांना दाखवा, असा निरोप फोनवरून दिला. त्यांपैकी एक जण काही तासांतच आर्सेनिकच्या विषबाधेने मरण पावला. कसूर उघड होती, तरीही त्याच्या पत्नीचा दावा फेटाळला गेला: त्याला दाखल करून घेतले असते तरी उतारा वेळेत देता आला नसता, असे न्यायालयाला पुराव्यावरून दिसले.

दिवाणी दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही, पारडे एका बाजूला झुकले की पुरते. म्हणजे हानी टळण्याची शक्यता ५० टक्क्यांहून अधिक होती, एवढे दाखवावे लागते. त्यासाठी कोणती तपासणी व्हायला हवी होती, तिचा निकाल केव्हा आला असता, त्यावर कोणते उपचार झाले असते आणि त्यांचा किती उपयोग झाला असता, ही साखळी तज्ज्ञांच्या साक्षीने कडी-कडीने जुळवतात. वृषणाला पीळ पडण्यासारख्या विकारात हे तुलनेने सोपे असते: सुमारे ६ तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचते, २४ तासांनंतर क्वचितच. कर्करोगात मात्र निदान चुकले त्या दिवशी गाठ केवढी होती हेच कोणी मोजलेले नसते. वाढीच्या वेगावरून मागे जात तिचा अंदाज बांधावा लागतो. ज्या चुकीबद्दल दावा असतो, तिनेच पुरावा तयार होऊ दिलेला नसतो, आणि तरी सिद्धतेचा भार सहसा रुग्णावरच राहतो. हे जाचक आहे.

५० टक्क्यांच्या रेषेखालचे रुग्ण हा या विषयातला खरा वाद. इंग्लंडमध्ये झाडावरून पडलेल्या १३ वर्षांच्या मुलाच्या खुब्याची दुखापत पाच दिवस लक्षात आली नाही. वेळेवर उपचार होऊनही सांधा निकामी होण्याची शक्यता ७५ टक्के होती. खालच्या न्यायालयांनी उरलेल्या २५ टक्क्यांची भरपाई दिली. १९८७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती रद्द केली. २००५ मधल्या ग्रेग विरुद्ध स्कॉट या निकालात काखेतली गाठ निरुपद्रवी समजली गेली होती आणि कर्करोगाचे निदान नऊ महिने लांबले. दहा वर्षे जगण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली, पण ती मुळातच निम्म्याहून कमी असल्याने तीन विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला गेला. या नियमाने अशा रुग्णाच्या बाबतीतली चूक डॉक्टरला काहीच किंमत मोजायला लावत नाही. अल्पमतातल्या न्यायाधीशांचा आक्षेप म्हणूनच वजनदार वाटतो.

फ्रान्समधील न्यायालये ‘गमावलेली संधी’ हीच हानी मानून प्रमाणात भरपाई देतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगात जगण्याची शक्यता ३९ वरून २५ टक्क्यांवर आल्याचा दावा चालवू दिला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (तिथले हेच सर्वोच्च न्यायालय) २०१० मध्ये ही कल्पना नाकारली.

मृत्यू अटळ होता असे ठरले तरी सगळा दावा बुडतोच असे नाही. विलंबामुळे वाढलेल्या वेदना, एरवी टळली असती अशी शस्त्रक्रिया किंवा अधिक कठोर औषधे ही स्वतंत्र हानी म्हणून मांडता येते, आणि तिचा दुवा सहसा लवकर सिद्ध होतो.